डोमेन कोणाच्या नावावर आहे? व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी नाव निवडताना आणि नोंदवताना

आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याच्या व्यवसायाला नाव द्यायला वडिलांना एक संध्याकाळ पुरली होती. त्याच व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी डोमेन नाव ठरवायला मला तीन आठवडे लागले आणि पुढे दोन वर्षांनी ते हातचे गेले तेव्हा परत मिळवायला जवळजवळ दोन महिने. नाव निवडण्यात आमचे काही चुकले नव्हते. चुकले ते नोंदणीत. ज्या ओळखीच्या मुलाने संकेतस्थळ बनवून दिले, त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घेतले होते. त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला ते सोयीचे वाटले इतकेच. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा क्रमांक बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर साचत राहिल्या आणि एके सकाळी बेळगावच्या घाऊक गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमचे पान उघडतच नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हे पाहिल्याशिवाय सांगलीत कोणी गुंठाभर जमीन घेत नाही. डोमेनच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून या लेखात नाव कसे निवडावे याच्याइतकेच ते कोणाच्या नावावर आणि कसे नोंदवावे याबद्दलही सविस्तर लिहिले आहे.

प्रथम तीन गोष्टी मनात वेगळ्या कराव्यात, कारण संकेतस्थळ बनवून देणारे बहुधा तिन्ही एकाच बिलात घालतात. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर पाने ठेवली आहेत ती भाड्याची जागा, आणि संकेतस्थळ म्हणजे त्या जागेत मांडलेला माल. जागा बदलता येते, माल बदलता येतो, पण पिशव्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर आणि टेम्पोच्या हौद्यावर छापलेला पत्ता बदलणे महागात पडते. हा पत्ता कायमचा विकतही मिळत नाही. तो कमीत कमी एक आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतो आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. जगभरातल्या या व्यवस्थेचा समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते, डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, आणि आपल्या डॉट इनची नोंदवही २००३ मध्ये स्थापन झालेली निक्सी ही संस्था सांभाळते. आपला व्यवहार यांच्याशी थेट होत नाही, तर त्यांनी मान्यता दिलेल्या रजिस्ट्रार म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीशी किंवा तिच्या विक्रेत्याशी होतो.

नाव कानाला कसे ऐकू येते

रोमन लिपीतल्या डोमेनमध्ये अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते, सुरुवातीला किंवा शेवटी आडवी रेघ चालत नाही, आणि डॉटच्या आधीचा भाग ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो. नियमाने ६३ चालत असली, तरी बारा-पंधराच्या पुढे गेलेले नाव गिऱ्हाईक टाइप करत नाही. आपल्यापुढची खरी अडचण लांबीची नसून मराठी शब्द रोमन अक्षरांत उतरवण्याची आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनांत ती सापडत नाही.

कृष्णेचेच उदाहरण घ्या. महाबळेश्वरहून निघून वाई, कराड करत सांगलीला येणाऱ्या या नदीच्या काठी तिचे नाव लावलेली दुकाने, दूध संकलन केंद्रे आणि खतांची गोदामे किती असतील याची मोजदाद नाही. म्हणजे हे नाव सुटे मिळण्याची आशा जवळजवळ सोडलेलीच बरी. पण ते जोडनावात घेतले तरी गाठ सुटत नाही. आपण 'क्रु' म्हणतो, म्हणून आपला माणूस के-आर-यू असे लिहितो, तर उत्तरेकडचा आणि बराचसा शहरी माणूस के-आर-आय असे लिहितो. त्यात पुढे 'अ‍ॅग्रो' जोडले की मध्ये दोन ए शेजारी येतात आणि फोनवर ऐकणारा त्यातला एक हमखास गाळतो. हळदीच्या ळ ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नसल्याने 'हळद' हे एल घालून लिहावे लागते आणि बाहेरचा माणूस ते 'हलद' वाचून शेवटी 'हल्दी' टाइप करतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे तर तीन-चार प्रकारे लिहून होते: कोणी डी-एच घालतो, कोणी नुसता डी, कोणी शेवटी ई लावतो, कोणी ए. वाईचे व लिहिताना डब्ल्यू की व्ही, हा प्रश्न वाईकरांना पडत नाही, पण वाईकरांकडून माल मागवणाऱ्या नाशिककराला पडतो. या मानाने सांगली, सातारा, मिरज या नावांची स्पेलिंगे रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर वाचून लोकांच्या डोळ्यांत पक्की बसली आहेत, त्यामुळे नावात गाव घ्यायचेच असेल तर ही नावे तुलनेने सुरक्षित आहेत.

शब्दाचा अर्थही गावाबरोबर बदलतो. आमच्याकडे तिखट-मसाल्याला चटणी म्हणतात. वर्षाची चटणी करून ठेवणे हे उन्हाळ्यातले घरोघरचे काम आहे. म्हणून 'चटणी' हा शब्द असलेले एक नाव मला फार आवडले होते. मुंबईतल्या मावसभावाला ते सांगितले तेव्हा त्याने विचारले की नारळाची चटणी इतके दिवस टिकते कशी. ते नाव तिथेच बाद झाले, शिवाय चटणीचे स्पेलिंग इंग्रजी चालीने करायचे की मराठी चालीने, हा वाद वाचला तो वेगळाच.

स्पेलिंगची परीक्षा घेण्याचा एक उपाय मी आता सगळ्यांना सांगतो. शेवटी उरलेली तीन-चार नावे घेऊन कोरेगावच्या आत्याला फोन लावला. "आत्या, मी एक नाव एकदाच म्हणतो, तुला ऐकू येईल तसं मोबाइलमध्ये इंग्रजीत लिही आणि मला पाठव," एवढेच सांगितले. स्पेलिंग सांगितले नाही. पहिल्या नावाचे तिने केलेले रूप आमच्या कागदावरच्या रूपापेक्षा दोन अक्षरांनी वेगळे निघाले. "मग तूच नीट सांग की," असे ती म्हणाली, पण गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी नीट सांगायला आपण शेजारी नसतो. तिसरे नाव आत्याने, मावसभावाने आणि बेळगावच्या गिऱ्हाइकाने अगदी सारखे लिहिले, आणि तेच आम्ही घेतले. मनातून मला पहिले अधिक आवडले होते हे मान्य करतो. एखाद्या नावाची दोनच रूपे होत असतील आणि नाव सोडवत नसेल, तर दोन्ही रूपे नोंदवून दुसरे पहिल्याकडे वळवता येते. वर्षाला आणखी काहीशे रुपये खर्च, पण चुकलेले गिऱ्हाईक बरोबर जागी येते.

आडवी रेघ टाळावी, कारण फोनवर ती सांगताना ऐकणारा कधी खालची रेघ टाकतो, कधी मोकळी जागा सोडतो. आकडे टाळावेत, कारण 'सात' म्हटल्यावर तो आकड्यात लिहायचा की अक्षरांत हे कोणालाच कळत नाही. आणि नावात एकच माल बांधून घेऊ नये. आज मसाला विकणाऱ्याने उद्या तासगावचा बेदाणाही ठेवला, तर पाटीवर मसाला आणि गल्ल्यावर बेदाणा असे होते.

नाव मोकळे असणे आणि ते आपले असणे

रजिस्ट्रारच्या पानावर नाव उपलब्ध आहे असे दिसले म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. आधी भारत सरकारच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात तेच किंवा उच्चाराने जवळचे नाव आपल्या मालाच्या वर्गात कोणी नोंदवले आहे का ते पाहावे. हा शोध विनामूल्य आहे आणि मसाले, हळद, मिठाई यांसाठी ३० हा वर्ग पाहावा लागतो, तर बेदाण्यासारख्या सुकवलेल्या फळांसाठी २९. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते आणि दुसऱ्याच्या लौकिकाशी साम्य साधून गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या नावाला रोखता येते, असे स्पष्ट केले आहे. डॉट इनच्या नावांवरून वाद झाला तर त्यासाठी निक्सीचे स्वतंत्र तंटा-निवारण धोरण आहे आणि त्यात लवादाच्या निर्णयाने डोमेन तक्रारदाराकडे जाऊ शकते. आपलेच नाव वेगळे आणि टिकाऊ असेल तर ट्रेडमार्कचा अर्जही करून टाकावा: व्यक्ती, नवउद्यम आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी झाल्यावर ती दहा वर्षे टिकते.

सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी काही मोह आहेत. सातारा ही मराठ्यांची राजधानी होती म्हणून छत्रपतींचे नाव व्यवसायाला लावावे असे अनेकांना वाटते. पण बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना भौगोलिक मानांकन आहे. ते त्या भागातल्या उत्पादकांचे सामाईक नाव असल्याने नुसत्या त्याच शब्दांचे डोमेन घेऊन ते एका दुकानाचे होत नाही, आणि त्या नावाखाली बाहेरची हळद विकली तर प्रकरण कायद्याकडे जाते. स्वतःचा वेगळा शब्द आधी ठेवून मालाचे नाव संकेतस्थळाच्या मजकुरात घ्यावे, हे बरे. पतसंस्थांनी तर डोमेनमध्ये 'बँक' हा शब्द घालूच नये, कारण बँक नसलेल्या संस्थेला तो वापरण्यास बँकिंग नियमन कायद्याची मनाई आहे. ज्या खरोखर बँका आहेत, त्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या राखीव शेवटाकडे जाण्यास सांगितले होते, तेव्हा नागरी सहकारी बँकेच्या संचालकांसाठी हा लेख निम्माच कामाचा.

शेवट कोणता घ्यावा

माझे मत विचाराल तर डॉट कॉम आणि डॉट इन ही जोडी मिळत असेल तर दोन्ही घ्यावीत आणि एकच मिळत असेल, तर दुसरे कोणाकडे आहे हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्यावर आपल्याच धंद्यातले कोणी बसलेले असेल, तर आपली जाहिरात त्याच्या कामाला येते. डॉट इनची नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली झाली आहे. डॉट को डॉट इनही चालते, पण ते बोलून सांगताना लोक 'को' गाळतात. डॉट को हे मुळात कोलंबिया देशाचे चिन्ह आहे आणि ते छापले की वाचणाऱ्याला कॉममधला एम छापायचा राहिला असे वाटते. डॉट शॉप, डॉट स्टोअर यांसारखे नवे शेवट पहिल्या वर्षी फार स्वस्त दिसतात. दुसऱ्या वर्षाचा दर विचारल्यावर विचार बदलतो.

देवनागरीतला डॉट भारत हा शेवट २०१४ पासून मिळतो आणि त्यात ळ, ण, ढ जसेच्या तसे लिहिता येतात, म्हणजे वर सांगितलेली स्पेलिंगची कटकट मुळातच उरत नाही. पाटीवर तो शोभूनही दिसतो. पण देवनागरी पत्त्यावरचे ईमेल सगळीकडे पोहोचत नाहीत, काही फॉर्म तो पत्ता स्वीकारत नाहीत, आणि परराज्यातल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर देवनागरी कळफलक असेलच असे नाही. म्हणून तो रोमन डोमेनच्या जोडीला घ्यावा आणि त्याच पानाकडे वळवावा.

नोंदणी करताना फॉर्मवर काय लिहायचे

ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसानही इथेच होते. खाते व्यवसायाच्या मालकाने स्वतः उघडावे; संकेतस्थळ बनवणाऱ्याला हवे तर शेजारी बसवावे, पण ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी येणारा क्रमांक मालकाचा असावा. नोंदणीदार म्हणून पॅन किंवा जीएसटी नोंदणीवर असलेले नावच अक्षरशः लिहावे. फॉर्ममध्ये 'संस्था' असा रकाना असतो. त्यात नाव भरले की डोमेन त्या संस्थेचे मानले जाते. भागीदारीत भावाभावांचा धंदा असेल तर तिथे भागीदारी संस्थेचेच नाव घालावे, थोरल्या भावाचे नव्हे, कारण पुढे वाटण्या झाल्या तर याच रकान्याकडे बोट दाखवले जाते.

ईमेलबद्दल एक बारकावा असा की जे डोमेन घेत आहोत त्याच डोमेनवरचा पत्ता संपर्कासाठी देऊ नये. डोमेन बंद पडले की त्यावरचे ईमेलही बंद पडते, आणि मग डोमेन बंद पडल्याची सूचना वाचायला आपल्याकडे पत्ताच उरत नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचे नेमके असे झाले. जीमेलसारखा वेगळा पत्ता द्यावा, त्यावर आणि रजिस्ट्रारच्या खात्यावर दुहेरी पडताळणी लावावी. नोंदणीनंतर पडताळणीचा ईमेल येतो. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत त्यातल्या दुव्यावर पंधरा दिवसांत टिचकी मारली नाही, तर डोमेन तात्पुरते बंद केले जाते. तो ईमेल स्पॅममध्ये पडला आहे का हे पहिल्याच दिवशी पाहावे.

पैसे भरताना पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर पाहावा. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो; बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घेतला तर नियमित करदात्याला तो वजा करून घेता येतो, आणि पन्नास रुपयांसाठी हे कोण करत बसेल असे म्हणणाऱ्यांनी होस्टिंगचे बिलही तिथेच येते हे लक्षात घ्यावे. टोपलीत आपोआप पडलेल्या जादा सेवा काढून टाकाव्यात. डॉट कॉमला नोंदणीदाराची माहिती झाकण्याची सेवा अनेक ठिकाणी फुकट मिळते, ती घ्यावी.

नोंदणीनंतर

रजिस्ट्रारच्या खात्यात नेमसर्व्हरचे रकाने असतात. होस्टिंगवाल्याने दिलेली नावे तिथे भरली की पत्ता जागेशी जोडला जातो. बदल पसरायला काही तास, क्वचित दोन दिवस लागतात, तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नयेत. संकेतस्थळ बनवणाऱ्याला एवढी नावे भरून मिळाली की त्याचे काम चालते. रजिस्ट्रारचा पासवर्ड त्याला लागत नाही. ज्यांचे डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्यांनी संबंध गोड आहेत तोवरच डोमेन हलवणे रोखणारे खात्यातले कुलूप काढायला लावून ईपीपी कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना लागणारा परवलीचा शब्द, मागून घ्यावा आणि डोमेन स्वतःच्या खात्यात आणावे. नव्या नोंदणीनंतर पहिले साठ दिवस असे हलवता येत नाही. नोंद कोणत्या रजिस्ट्रारकडे आणि कधीपर्यंत आहे हे सार्वजनिक शोधात दिसते, त्याला बरेच जण अजून हूइज म्हणतात.

मुदत संपली तरी सगळे लगेच संपत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देऊ शकतो, त्यानंतर तीस दिवस दंडासारखे मोठे शुल्क भरून नाव सोडवता येते, मग पाच दिवस काहीच करता येत नाही आणि नाव खुल्या बाजारात जाते. आम्ही त्या तीस दिवसांत होतो. कार्डावरून आपोआप पैसे कापले जातील यावर विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून वारंवार होणाऱ्या कार्डवसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांच्या अशा कित्येक वसुल्या अडकल्या. पाच वर्षांचे पैसे एकदम भरणे मला परवडते, शिवाय दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर डोमेनची मुदत, रजिस्ट्रारचे नाव आणि खात्याचा ईमेल लिहून ठेवतो. पासवर्ड मात्र लिहीत नाही.

नोंदणी झाली की काही दिवसांत फोन आणि ईमेल सुरू होतात. आपल्याच नावाचे डोमेन परदेशात कोणी घ्यायला निघाले आहे, तातडीने पैसे भरा, असे सांगणारे पत्र हमखास येते; दुसऱ्याच कंपनीचे नूतनीकरणाचे बिलही येते. यांपैकी कशालाही उत्तर देऊ नये. पैसे भरायचे ते फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन.

पाकिटे आणि पिशव्या छापायला टाकण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे. पान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर उघडते का, नव्या पत्त्यावर ईमेल येते-जाते का, हे पाहून मगच छापखान्यात जावे, आणि प्रूफ हाती आल्यावर त्यावरचे डोमेन तिथेच उभे राहून, कागदावर जसे दिसते तसे, मोबाइलमध्ये टाइप करावे. आमच्या पहिल्या पाच हजार पाकिटांवर डॉट आणि कॉम यांच्यामध्ये एक मोकळी जागा सुटली होती.